एकच काय ते हलू दे

गेल्या नाताळात आमच्या क्रिबमध्ये अकरा गोष्टी हलत होत्या. आकडा पक्का सांगतेय, कारण अकराच्या अकरा मोटरी माझ्याच हातांनी बसवल्या होत्या. तीन राजे कमरेत वाकायचे, गाढव मान डोलवायचं, बैल शेपटी हलवायचा, एक मेंढपाळ हात वर करायचा, देवदूताचे दोन पंख, धर्मशाळेचं दार, गव्हाणीवर फिरणारा मरियामातेचा हात, आणि सगळ्यांच्या वर डुलणारा तारा. आमच्या वाडातल्या पोरांनी रात्री जागून गवत, माती, गोणपाट, डोंगर सगळं केलं होतं. हलण्याचं खातं माझ्याकडे होतं. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेल्या मुलीकडे मोटरीचं खातं का, तर यूट्यूब बघून सोल्डरिंग करायचा नाद मला बारावीपासून आहे आणि बाकी कुणाला तेवढा वेळ नव्हता.

परीक्षक आले. मी बटण दाबलं. तीन राजे वाकले, गाढवाची मान निघाली आणि दुसऱ्या सेकंदाला अकराही जागच्या जागी थरथरायला लागले. थांबले, परत पहिल्या जागी उडी मारून आले, परत थरथरले. देवदूताचा एक पंख निघून बैलाच्या पाठीवर पडला. लहान पोरं एवढी हसली की त्यातल्या एकाला उचकी लागली. परीक्षक सभ्य माणसं, त्यांनी डोंगराचं कौतुक केलं.

घरी आल्यावर आजी, म्हणजे आमची शामाय, एवढंच म्हणाली, "बाय, एवढ्या घरघरीत ते बाळ झोपणार कसं?"

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आमच्या मंडळातल्याच एकीने विचारलं की वाङ्मय मंडळाच्या अंकात मोटरी कशाला. तिला मी म्हटलं, वाचून बघ. माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. घरात, टेबलावर, हौसेने केलेल्या छोट्या कामात शक्यतो एकच गोष्ट मोटरीने हलवावी, आणि ती कोणती हे मोटर विकत घ्यायच्या आधी, ज्याच्यासाठी हलवायची त्याला विचारून ठरवावं. हे मला आधी कळलं नाही. दोनदा चुकल्यावर कळलं.

आधी त्या थरथरीचं सांगते, कारण अजूनही कॉलेजात दरवर्षी कुणाचं ना कुणाचं मॉडेल असंच थरथरताना बघते. मी वापरले होते ते एसजी-९० नावाचे निळे सर्व्हो. एकेकाचं वजन ९ ग्रॅम, आत एक छोटी मोटर, प्लॅस्टिकचे दाते, आणि दांडा आत्ता किती अंशावर आहे हे सतत मोजणारा एक पोटेन्शिओमीटर. तिसऱ्या वायरने त्याला कोन सांगायचा, तो तिथे जाऊन उभा राहतो. उभा राहतो म्हणजे सतत स्वतःला दुरुस्त करत राहतो, म्हणून तो गप्प बसत नाही, बारीक गुणगुणतो. एक सर्व्हो गुणगुणला तर ऐकू येत नाही. अकरा गुणगुणले की मधमाश्यांचं पोळं.

आणि वीज. बिनाओझ्याचा चालताना तो थोडीच वीज खातो, पण अडला किंवा झटक्याने निघाला की त्याची भूक सहाशे-सातशे मिलिअँपिअरपर्यंत जाते. मी अकराच्या अकरा एका आर्दुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनेला लटकवले होते, आणि तो आर्दुइनो लॅपटॉपच्या यूएसबीवर. त्या वाटेने साधारण ५०० मिलिअँपिअर मिळतात. म्हणजे एका माणसाच्या डब्यावर अकरा पाहुणे बसवले. व्होल्टेज पडलं, आर्दुइनो बेशुद्ध होऊन परत सुरू झाला, सुरू होताच त्याने सगळ्यांना पहिल्या जागी बोलावलं, सगळे एकदम धावले, व्होल्टेज परत पडलं. उपाय शेंबड्या पोराला समजेल असा आहे. सर्व्होंना वेगळा ५ व्होल्टचा दमदार पुरवठा द्यायचा, त्याची आणि आर्दुइनोची ऋण वायर एकत्र जोडायची, आणि सगळ्यांना एकदम न हलवता एकामागून एक हलवायचं. हे मी दुसऱ्या दिवशी केलं. सगळं नीट चाललं. आणि तेव्हाच मला ते जास्त वाईट दिसलं.

कारण आता राजे दर चार सेकंदांनी वाकत होते. येशूला नमन करायला आलेला माणूस दर चार सेकंदांनी वाकला तर तो नमन करत नाही, व्यायाम करतो. मरियेचा हात असा फिरत होता की जणू ती पोळपाट पुसतेय. सर्व्होला वेग कमी करायला सांगता येतं, मी सांगितलाही, पण मग तो टप्प्याटप्प्याने, धक्के खात जातो. आणि अकरा ठिकाणी हालचाल असली की डोळा कुठेच थांबत नाही. आमचे सर निबंधातली विशेषणं लाल पेनाने खोडतात तेव्हा मी मनातून चिडते, पण क्रिबसमोर उभी असताना मला तो लाल पेन आठवला.

माझा एक मित्र इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, हलणारी क्रिब हीच तर मूळ क्रिब. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने पहिली क्रिब मांडली तेव्हा बैल आणि गाढव खरेखुरे आणले होते. मुद्दा बरोबर आहे. पण खरा बैल त्याला वाटेल तेव्हा शेपूट हलवतो. अर्धा तास हलवतही नाही. म्हणून तो हलला की बघावंसं वाटतं.

ही पहिली चूक. दुसरी जास्त जिव्हारी लागली.

आमचं घर कॅम्पातलं जुनं, कौलारू. शामायच्या खोलीत भिंतीवर लाकडी आल्तार आहे, दोन छोटी दारं असलेलं कपाट म्हणा. आत येशूचं पवित्र हृदय, मरियामाता, संत अंतोन, आणि पणजोबांपासूनच्या काळ्या पडलेल्या दोन मेणबत्तीदाण्या. रोज संध्याकाळी सातला ती दारं उघडते, मेणबत्ती लावते आणि तेर्स सुरू होतो. गेल्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर नेला की कळ येते. मराठीत यंत्राच्या बटणालाही कळ म्हणतात आणि या दुखण्यालाही कळच म्हणतात. ही गंमत मला एरवी सुचली असती, पण तिचा चेहरा बघताना सुचली नाही. दारं उघडायला ती आता ममाला हाक मारायची, आणि ममा स्वयंपाकघरात असली की थांबायची.

मला वाटलं, हे तर माझंच काम. क्रिबमधले दोन सर्व्हो शिल्लक होतेच, त्यांच्या जागी धातूच्या दात्यांचे घेतले, दारांना पितळी तारेच्या आकड्या लावल्या, वायर आल्तारच्या मागून खाली आणली आणि तिच्या खुर्चीजवळ एक बटण. फार सुबक झालं होतं, कुठे वायर दिसत नव्हती. सातला तिला बसवलं, म्हटलं, दाब. तिने दाबलं. दोन्ही दारं एकदम उघडली. तिने बघितलं. परत दाबलं, मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे काय दुकानाचं शटर आहे?"

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "दार मी उघडणार. तुला करायचंच असेल तर ते वरचं तावदान बघ की. तीन महिने झाले बंद आहे, जीव घुसमटतो रात्री."

खरं सांगायचं तर दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. चार संध्याकाळी घालवल्या होत्या मी त्यावर. पण रविवारी मिस्साहून येताना डॅडींनी सुताराला बोलावलं आणि त्याने आल्तारच दीड फूट खाली घेतला. दोन खुंट्या, चार स्क्रू, वीस मिनिटं. आता तिचा हात छातीच्या खालीच राहतो आणि दारं ती स्वतः उघडते, आधी डावं, मग उजवं, मध्ये बोटांनी धूळ पुसत. एक वायर लागली नाही. मी तिला हात कुठे पोचत नाही हे विचारलंच नव्हतं. हात कशाला लावायचाय हेही विचारलं नव्हतं. दारं उघडणं हा तिच्या तेर्साचाच भाग आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं, पण हातात सर्व्हो असला की मला दिसतील ती दारं उघडावीशी वाटतात.

तावदानाकडे आता येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण या सगळ्या धंद्यात मला खरं शिकायला तिथेच मिळालं.

छताजवळ भिंतीत एक झरोका आहे. त्याचं तावदान लाकडी चौकटीचं, काचेचं, उंची साधारण ४० सेंटिमीटर, बिजागऱ्या वरच्या बाजूला. पूर्वी शामाय काठीने ते खालून बाहेर ढकलायची आणि आकडीत अडकवायची. खांद्यामुळे ते बंद झालं. ममाला ती रात्री दोनदा उठवणार नाही, तिचा स्वभावच नाही.

इथे सर्व्हो चालणार नाही हे मला कळत होतं. सर्व्हो गोल फिरतो, आणि वीज गेली की त्याचा हात सैल पडतो. सोलेनॉइडही नाही. सोलेनॉइड म्हणजे आपल्या टिंग-टाँग बेलमधली ती लोखंडी दांडी, वीज आली की तारेच्या गुंडाळीत खेचली जाते. तिची उडी एखाद-दोन सेंटिमीटरची, आणि धरून ठेवली तर गुंडाळी तापते. मला हवं होतं सरळ, हळू ढकलणारं आणि ढकलून झाल्यावर वीज न खाता तिथेच राहणारं काहीतरी.

शेजारचे काका उद्यमबागेत तीस वर्षं टर्नर होते. त्यांना मी ते सांगितलं, तर ते आत गेले आणि नातवाची गोंदाची कांडी घेऊन आले. गोंदाची कांडी सगळ्यांनी वापरली आहे. खालची चकती फिरवली की गोंद वर येतो. आता वरून अंगठ्याने दाबा. खाली जात नाही. "हाच तुझा ॲक्च्युएटर," काका म्हणाले. आत एक मळसूत्र, त्यावर एक नट, आणि नट फिरू शकत नाही म्हणून सरकतो. लिनिअर ॲक्च्युएटरमध्ये चकतीच्या जागी मोटर आणि दाते असतात, एवढाच फरक. आटे बारीक आणि उतार कमी असल्यामुळे मोटर मळसूत्राला फिरवू शकते, पण बाहेरचा जोर मळसूत्राला उलटा फिरवू शकत नाही. म्हणून वीज गेली तरी दांडा जिथे आहे तिथे राहतो. दोन्ही टोकांना आत छोटे खटके असतात, दांडा शेवटाला पोचला की मोटर आपोआप बंद. आणि प्रोग्रॅम लागत नाही. दोन वायरी असतात. सुलट जोडल्या की दांडा बाहेर, उलट जोडल्या की आत.

मळसूत्र हा शब्द मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचला होता आणि विसरले होते. कळसूत्री बाहुल्या आम्हाला अभ्यासाला आहेत, कुडाळजवळच्या पिंगुळीची ठाकर मंडळी त्या नाचवतात, ते माहीत होतं. कळसूत्र दोरीचं, मळसूत्र आट्यांचं. एक नाचवतं, एक हळूहळू सरकवतं. मला वाटतं, छोट्या कामात आपण फार कळसूत्र वापरतो आणि फार थोडं मळसूत्र.

किती जोर लागेल? तावदान उतरवून वजन केलं, दीड किलो. बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर ढकललं तर ५ सेंटिमीटर ढकलण्यात तावदानाचं खालचं टोक २० सेंटिमीटर बाहेर जातं, म्हणजे साधारण ३० अंश. पण जे अंतरात कमावलं ते जोरात भरावं लागतं. तावदानाचं वजन मध्यावर, बिजागरीपासून २० सेंटिमीटरवर धरलं, तर ३० अंशांवर तिथे सुमारे दीड किलोचाच जोर लागतो. हा झाला कागदावरचा हिशेब. मग मित्राच्या लॅबमधला ताणकाटा आणून खरोखर ओढून बघितलं, तर काटा ४ किलोपर्यंत गेला. बिजागऱ्या गंजलेल्या. तेल घालून, घासून तो २ वर आला. म्हणजे मोटर मोठी घ्यायच्या आधी तेल घाला. हे वाक्य मला प्रत्येक ॲक्च्युएटरच्या खोक्यावर छापावंसं वाटतं.

शेवटी १२ व्होल्टचा, ५० मिलिमीटर स्ट्रोकचा, ६० न्यूटनचा घेतला. साठ न्यूटन म्हणजे सुमारे ६ किलो, गरजेच्या तिप्पट, वारा आणि पुढची गंज धरून. त्याच आकारात वेगवान मिळत होता, पण मोटर तीच असेल तर वेग मागितला की जोर जातो आणि जोर मागितला की वेग जातो. माझा सेकंदाला साधारण १० मिलिमीटर सरकतो. पाच सेकंदांत खिडकी उघडते. ज्या माणसाला रात्री झोप येत नाही त्याला पाच सेकंदांची घाई नसते. असे छोटे ॲक्च्युएटर सतत चालवायचे नसतात. बऱ्याच जणांवर ड्युटी सायकल १० टक्के लिहिलेली असते, म्हणजे दोन मिनिटं चालला तर अठरा मिनिटं विश्रांती. क्रिबमधल्या बैलाला हा नियम लावला तर शेपूट पहिल्याच तासात जळेल. खिडकीला तो आयुष्यभर पुरतो.

पहिल्यांदा बसवला तेव्हा अर्ध्यात अडकला. मोटर कण्हायला लागली, मी घाबरून वायर काढली. मी त्याचं बूड दोन पट्ट्यांनी भिंतीला घट्ट आवळलं होतं. काका स्टुलावर चढले, बघून हसले. "अगं, त्याला मान वळवायला जागा नको का?" तावदान गोलात फिरतं, दांडा सरळ जातो. दोन्ही टोकं पिनेवर मोकळी फिरली नाहीत तर दांडा वाकायला बघतो. बाजूने जोर आला की मळसूत्राचे आटे लवकर खातात. पट्ट्या काढून दोन्हीकडे पिन घातली आणि तो आवाजच बदलला. त्याच पिनेचा दुसरा फायदा असा की ती ओढून काढली की तावदान पुन्हा काठीने हलवता येतं. कोणतंही यंत्र बसवताना त्याला बाजूला कसं करायचं हे आधी बघावं असं काका म्हणतात, आणि तीस वर्षं लेथवर बोटं शाबूत ठेवलेल्या माणसाचं मी ऐकते.

बटणासाठी मी आर्दुइनो काढणार होते. काकांनी ऑटोच्या सामानाच्या दुकानातून मोटारीच्या खिडकीचं बटण आणायला लावलं. ते मुळातच वायरी उलटसुलट करतं. वर दाबलं उघडतं, खाली दाबलं मिटतं, सोडलं की थांबतं. वीज १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून, आणि सोबत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी, कारण बेळगावचा पाऊस आणि बेळगावची वीज एकमेकांना विचारून जातात. झरोका उघडा असताना वीज गेली आणि पाऊस आला तर तावदान मिटता यायला हवं.

पहिल्या सकाळी शामायने चहा घेताना सांगितलं की आज लष्कराच्या बाजूचं बिगुल ऐकू आलं. बाकी काही बोलली नाही. आठवडाभराने मला कळलं की ती ते पूर्ण उघडतच नाही. चार बोटं उघडते. पहाटे गार वाटलं की दोन बोटं. सोडलं की थांबतं हे मी सुरक्षेसाठी ठेवलं होतं, तिने त्याचा उपयोग असा केला. मी प्रोग्रॅम लिहिला असता तर उघडं आणि बंद अशा दोनच जागा ठेवल्या असत्या.

मित्राचं म्हणणं अजून तेच आहे. त्याला पावसाचा सेन्सर लावायचाय, फोनला जोडायचंय. एकदा शामाय गाढ झोपलेली असताना सर आली आणि पायाकडची चादर भिजली, तेव्हा तो मला म्हणाला, बघ. त्याचं चूक नाही. पण तिला विचारलं तर ती म्हणते, पहिल्या पावसाचा वास यायच्या आतच ते मिटणार असेल तर उघडायचं कशाला? यावर त्याच्याकडे उत्तर नाही, आणि भिजलेल्या चादरीवर माझ्याकडे नाही. सध्या चादर वाळत घालतो.

खर्चाचंही सांगते, कारण विद्यार्थ्यांना तो विचारावाच लागतो. अकरा सर्व्होंना मिळून जेवढे गेले त्याच्या दीडपट एका ॲक्च्युएटरला गेले, शिकवणीचे पैसे. परदेशी कंपन्यांचे अगदी चिमुकले मिळतात. पीक्यू-१२ नावाचा एक येतो, स्ट्रोक २० मिलिमीटर, वजन साधारण १५ ग्रॅम, पण तो आपल्या खिशातला नाही. त्यापेक्षा भंगारात बघा. मोटारीच्या दाराच्या सेंट्रल लॉकमध्ये एक दांडा असतो, साधारण २ सेंटिमीटर पुढेमागे होतो, त्याला फक्त क्षणभर वीज द्यायची, धरून ठेवायची नाही. जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तर मळसूत्र आणि स्टेपर मोटर तयारच असते. आता त्या ड्राइव्ह कुणी वापरत नाही, कंप्युटर दुरुस्तीवाले फुकट देतात.

गणपतीतले आमच्याकडचे हलते देखावे मला आवडतात, आणि कुणी म्हणेल की ही बाई सगळ्याच हालचालीच्या विरोधात आहे, तर तसं नाही. जुन्या देखाव्यांत मंचाखाली वायपरची एक मोटर आणि एक क्रँक असते, तिच्यावर सगळा राक्षस हलतो. खाली वाकून ते बघण्यात मला वरच्या देखाव्याइतकीच मजा येते. मात्र ३१ डिसेंबरच्या ओल्ड मॅनच्या मानेत मोटर आणि लिथियमची बॅटरी बसवायची जी टूम यंदा निघाली आहे, तिला माझा सरळ विरोध. तो पुतळा बारा वाजता जाळायचा असतो. गवत आणि जुने कपडे जळावेत. बॅटरी आगीत फुटते आणि प्लॅस्टिकचा धूर गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो. त्याची मान हलली नाही तरी म्हातारं वर्ष जाणारच आहे.

आता यंदाच्या क्रिबचं. वाडाची बैठक पुढच्या रविवारी मिस्सानंतर आहे आणि माझा प्रस्ताव असा आहे. सगळं स्थिर. फक्त तीन राजे हलतील. आपल्यातल्या काही घरांत राजांच्या मूर्ती नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत रोज थोड्या थोड्या पुढे सरकवतात, तसं. डीव्हीडी ड्राइव्हच्या मळसूत्राला साधारण ४ सेंटिमीटर वाट मिळते. मी उघडलेल्या ड्राइव्हमधली मोटर एका पायरीला सुमारे ०.१५ मिलिमीटर सरकते, म्हणजे चार सेंटिमीटरला २६७ पायऱ्या. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी हे बारा दिवस, २८८ तास. तासाला जवळजवळ एक पायरी पडते. मध्ये मोटरीची वीज बंद, मळसूत्र धरून ठेवेल. आवाज होणार नाही. राजे छोटे करावे लागतील, आगपेटीएवढ्या फळीवर तिघे बसतील इतके, आणि क्रिबही त्या मापाची.

मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "पण मग हलताना दिसणारच नाही कुणाला!"

दिसणार नाही. पण नाताळच्या रात्री बघून गेलेला माणूस नव्या वर्षाच्या मिस्साला परत आला तर त्याला ते जवळ आलेले दिसतील. स्पर्धेत याला गुण मिळणार नाहीत हे मला माहीत आहे, परीक्षक एकदाच येतात. वाडातल्या निम्म्या पोरांना म्हणूनच हे पसंत नाही आणि बैठकीत भांडण होणार आहे. शामायला विचारलं. ती म्हणाली, गाढव तरी हलू दे थोडं. ते मी अजून ठरवलेलं नाही.

माझ्याकडच्या ड्राइव्हचं मळसूत्र एका टोकाला खाल्लेलं आहे. कुणाकडे जुनी डीव्हीडी ड्राइव्ह पडून असेल तर मंडळाच्या शुक्रवारच्या बैठकीला घेऊन या. चालू नसली तरी चालेल.